जुन्या कॉम्प्युटरला ताप आला तर



एप्रिल लागला की मला ठरावीक फोन यायला लागतात. ‘‘अरे, आमचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय रे.’’ थोडी चौकशी केली की पुढचं चित्रही ठरलेलंच असतं. मशीन दहा-बारा वर्षांपूर्वीचं, पण गेल्या एक-दोन वर्षांत त्यात काहीतरी नवीन घातलेलं. कुणी जुन्या बाजारातून मोठा प्रोसेसर आणून बसवलेला असतो, कुणी मुलाच्या हट्टापायी ग्राफिक्स कार्ड. हिवाळाभर सगळं सुरळीत चालतं आणि इंदूरचा पारा चाळिशी ओलांडू लागला की मशीन मान टाकतं. मग घरात चर्चा सुरू होते, आता नवीनच घ्यावा का?

थांबा. नवीन घेण्याआधी हा लेख वाचा. बऱ्याचदा हजार रुपयांच्या आत आणि एका रविवारच्या दुपारीत काम होतं.

आधी दोन शब्द नक्की करू

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणायची पद्धत आहे. या लेखात मी त्याला कॅबिनेट म्हणेन आणि आतल्या मुख्य चिपला प्रोसेसर. दुसरा शब्द ‘कूलर’. इंदुरात कूलर म्हटलं की खसच्या टट्ट्या आणि पाण्याचा पंप डोळ्यांसमोर येतो. म्हणून प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पात्यांना मी हीटसिंक म्हणेन आणि त्यावरच्या पंख्याला पंखाच.

वॉटचा हिशोब

अपग्रेड करताना आपण वेग बघतो, रॅम किती जीबी ते बघतो, किंमत तर बघतोच. पण प्रत्येक भाग किती उष्णता टाकणार, हे क्वचितच कुणी बघतं. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. तेव्हा वॉट बघितले की उष्णतेचा अंदाज येतो.

एक खरं उदाहरण घेऊ. २०११ मध्ये आलेला इंटेलचा कोअर आय३-२१२० त्या काळात आपल्या घराघरांत होता. कंपनीने त्याचा उष्णतेचा आकडा ६५ वॉट दिला आहे. त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे एलजीए ११५५ मध्ये, २०१२ चा कोअर आय७-३७७० बसतो. बोर्डाचं बायोस अपडेट असलं की झालं. दोन कोअरच्या जागी चार कोअर येतात, म्हणून जुन्या बाजारात त्याला आजही मागणी आहे. त्याचा आकडा ७७ वॉट. आता त्यासोबत जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड घातलं, तर आणखी ७५ वॉट. पूर्वी ६५ वॉटची उष्णता बाहेर टाकणाऱ्या डब्यात आता १५२ वॉट तयार होणार, म्हणजे दुपटीहूनही जास्त. जुन्या काळचे शंभर वॉटचे पिवळे बल्ब आठवतात का? तसा दीड बल्ब बंद खोक्यात पेटवून ठेवल्यासारखं आहे हे.

आणि ही उष्णता बाहेर काढणारे भाग? हीटसिंक तोच, पंखा तोच, कॅबिनेटही तेच. त्यात दहा वर्षांची धूळ. कमाई दुप्पट झाली म्हणून आपण आनंदात असतो, पण खर्चाची वही कुणी उघडलेलीच नसते. जुन्या अपग्रेड केलेल्या मशीनच्या दुखण्यामागे बहुतेक वेळा एवढीच गोष्ट असते.

आत्याच्या घरचा डबा

माझ्या आत्याकडे नेमकं हेच मशीन आहे. आतेबहीण इंटिरियर डिझाइनची छोटी-मोठी कामं घरून घेते. ब्लेंडरमध्ये स्वयंपाकघराचं किंवा दिवाणखान्याचं थ्रीडी चित्र तयार करून ग्राहकाला पाठवते. त्यासाठी दोन वर्षांपूर्वी तिने वर सांगितलेलं अपग्रेड करून घेतलं होतं. गेल्या उन्हाळ्यात रेंडर लावला की वीस मिनिटांत स्क्रीन काळा. एका दुकानात दाखवलं, तर ‘‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या’’ असं उत्तर मिळालं. पन्नास हजारांच्या घरातला आकडाही कागदावर लिहून दिला.

‘‘दादा, सोमवारी त्या कस्टमरला ड्रॉइंग द्यायचंय. पहिलंच मोठं काम आहे रे,’’ ती म्हणाली. आत्याचं उत्तर तयार होतं, ‘‘मी एफडी मोडते. पोरीचं काम थांबायला नको.’’

‘‘आत्या, एफडी राहू दे, आधी स्क्रू ड्रायव्हर दे,’’ असं मी म्हटलं खरं, पण स्क्रू ड्रायव्हरच्याही आधी आम्ही दुसरं एक काम केलं. तिच्या सगळ्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. आजारी मशीनला हात लावण्यापूर्वी बॅकअप, हा नियम पाठ करून ठेवा. बोर्ड बदलता येतो, केलेलं काम परत येत नाही.

पहिली पायरी : मोजा

ताप आलाय का, हे हात लावून सांगू नका. थर्मामीटर लावा. विंडोजमध्ये कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारे प्रोग्राम प्रोसेसरचं तापमान दाखवतात. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांत टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही. लिनक्सवर असाल तर ‘सेन्सर्स’ ही कमांड आहे.

तीन आकडे लिहून घ्या : खोलीचं तापमान, मशीन नुसतं चालू असतानाचं तापमान आणि पंधरा मिनिटं जड काम दिल्यानंतरचं. सोबत प्रोसेसरचा वेगही बघा. आत्याकडे खोलीत ३६ अंश होते. मशीन रिकामं बसलेलं असताना प्रोसेसर ५८, आणि रेंडर लावल्यावर पाचच मिनिटांत १०० च्या पुढे. वेग ३.७ गिगाहर्ट्झवरून घसरत २ च्या आसपास आलेला.

या आकड्यांचा अर्थ काय? आय७-३७७० च्या कोअरची मर्यादा १०५ अंश आहे. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिलं तर मशीन तत्काळ बंद करतो. म्हणजे बंद पडणं ही इथे सुरक्षा आहे, बिघाड नाही. इंटेलच्या माहितीत या प्रोसेसरसाठी ६७.४ अंश असाही एक आकडा सापडेल. तो बघून घाबरू नका. तो प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या टोपीचा आहे. प्रोग्राम दाखवतात ते आतल्या कोअरचं तापमान, ते नेहमी जास्तच असतं. जड कामात कोअर ८० च्या आसपास राहिले तर निश्चिंत राहा. ९० च्या पुढे जायला लागले की उपाय करा.

आणि तापमान साठ-पासष्टच असताना मशीन फटकन बंद पडत असेल तर? मग उष्णतेच्या मागे लागू नका, पॉवर सप्लायवर संशय घ्या. नव्या कार्डाचं ओझं जुन्या एसएमपीएसला झेपत नसेल. तो बदलायचा, उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा विजेचा दाब शिल्लक असू शकतो.

दुसरी पायरी : बाजूचं पॅनल काढा

या चाचणीला एक पैसा लागत नाही. कॅबिनेटच्या बाजूचं पॅनल काढून तेच काम पुन्हा द्या. तापमान दहा-एक अंशांनी उतरलं, तर डब्यात हवा खेळत नाही असं समजा. फारसा फरक पडला नाही, तर दुखणं हीटसिंक, पंखा किंवा मधल्या पेस्टमध्ये आहे.

आत्याकडे दोन्ही निघालं. पॅनल काढल्यावर ग्राफिक्स कार्ड ८३ वरून ७४ वर आलं, प्रोसेसर मात्र शंभरावरून हलेना. म्हणजे कार्डाला हवा मिळत नव्हती आणि प्रोसेसरचं दुखणं वेगळंच होतं. एवढं कळलं की पुढे अंदाजाने पैसे घालवावे लागत नाहीत.

तिसरी पायरी : धूळ

माळव्याची धूळ आपल्याला सांगायला नको. पंखा आणि हीटसिंकच्या मध्ये ती गादीसारखी बसते. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो, काढल्यावर खाली थर सापडतो. प्लग काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या आणि मऊ ब्रश व ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या जोराने पंखा भन्नाट फिरू दिला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ वापरू नका, त्यातून स्थिर वीज तयार होते. ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लायच्या जाळ्याही विसरू नका.

आमच्याकडे नुसत्या सफाईने प्रोसेसर ९६ वर आला. सुधारणा होती, पण पुरेशी नव्हती.

चौथी पायरी : हीटसिंक आणि पेस्ट

इंटेलचा हीटसिंक चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन किंवा घाईत बसवल्यामुळे एखादी खुंटी सुटते. मग हीटसिंक एका बाजूने किंचित उचललेला राहतो. डोळ्यांना दिसत नाही एवढी फट असते, पण प्रोसेसरला ती पुरते. आत्याच्या मशीनमध्ये एक खुंटी अशीच अर्धवट होती. शिवाय ६५ वॉटच्या प्रोसेसरसोबत आलेला जुना हीटसिंकच ७७ वॉटच्या प्रोसेसरवर चढवलेला होता. मधली पेस्ट वाळून भिंतीवरच्या पोपड्यासारखी झाली होती.

खुंटी सोडवायला तिच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवा आणि वर ओढा. मशीन आधी दहा मिनिटं चालवून मग बंद केलं असेल तर पेस्ट मऊ होते आणि हीटसिंक सहज सुटतो. जोर लावून उपटू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्हीकडून पुसा. नवीन पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी. बस्स, तेवढीच. पेस्टचं काम दोन धातूंमधली बारीक खाच भरण्याचं असतं, श्रीखंडासारखा थर द्यायचा नाही. परत बसवताना खुंट्या आधीच्या स्थितीत फिरवून घ्या आणि तिरप्या समोरासमोरच्या जोडीने दाबा. प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. शेवटी बोर्डाच्या मागून बघा. चारही खुंट्या सारख्या बाहेर आलेल्या दिसल्या पाहिजेत.

या एका पायरीने तापमान ९६ वरून ८४ वर आलं. बोर्ड ‘गेलेला’ असता तर पेस्ट लावून परत आला नसता.

कुणी विचारेल, वॉट फार वाढले नाहीत तरी हा प्रोसेसर इतका का तापतो? त्याला कारण आहे. इंटेलच्या त्या पिढीत २२ नॅनोमीटरची चिप आली, म्हणजे तीच उष्णता आणखी छोट्या जागेतून बाहेर पडते. शिवाय आधीच्या पिढीत चिप आणि वरची धातूची टोपी यांच्यामध्ये सोल्डर असे. या पिढीत तिथेही पेस्टच भरली आहे. ती टोपी उघडायचे व्हिडिओ बघाल, पण घरच्या कामाच्या मशीनवर तो प्रयोग करू नका.

पाचवी पायरी : वाऱ्याला वाट

त्या काळच्या साध्या कॅबिनेटमध्ये मागे पंख्याची जागा असते, पंखा मात्र नसतो. ८०, ९२ की १२० मिलिमीटर, हे पट्टीने मोजा आणि त्या मापाचा पंखा आणा. गार हवा पुढून खालून यावी आणि गरम हवा मागून वरून जावी, एवढंच सूत्र. पंख्याची दिशा ओळखणं सोपं आहे. ज्या बाजूला प्लास्टिकच्या आधारपट्ट्या असतात, सहसा त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागच्या पंख्यात ती बाजू कॅबिनेटच्या बाहेर तोंड करून हवी. बोर्डावर जोडायला जागा उरली नसेल, तर पॉवर सप्लायच्या चार पिनांच्या जाड वायरीला जोडता येणारा पंखा मागा.

आता घरातली जागा बघा. आपल्या जुन्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेट ठेवायला तीन बाजूंनी बंद कप्पा असतो, काहींना तर वर दारही. मशीन टाकत असलेली गरम हवा तिथेच कोंडते आणि तीच परत आत ओढली जाते. आत्याकडे कॅबिनेट कप्प्यातून काढून वीटभर उंचीच्या पाटावर ठेवलं, मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं आणि मागे १२० मिलिमीटरचा पंखा लावला. पॅनल बंद असतानाही प्रोसेसर ७६ आणि कार्ड ७२!

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. पाण्याच्या कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका. हवा गार असते हे खरं, पण ती ओली असते. त्यातले थेंब आणि पाण्यातले क्षार धुळीत मिसळून पात्यांवर चिखलासारखे वाळतात, आणि बोर्डालाही ओल चांगली नाही. कूलर माणसांसाठी लावा. खोली गार झाली की मशीनही तेवढंच गार राहतं. खोलीत दहा अंश कमी झाले की प्रोसेसरवरही साधारण तेवढेच कमी होतात. म्हणून लांबलचक रेंडर रात्री लावावा. शब-ए-मालवाचा गारवा फुकट मिळतो, तो कॉम्प्युटरलाही चालतो.

सहावी पायरी : उष्णता मुळातच कमी करा

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये, ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० असतं. ते ९९ करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण त्यामुळे टर्बो बंद होतो आणि आय७-३७७० चारही कोअरवर ३.७ ऐवजी ३.४ गिगाहर्ट्झवर चालतो. प्रोसेसरवर होणाऱ्या तासाभराच्या रेंडरला पाचेक मिनिटं जास्त लागतील. आमच्याकडे त्या बदल्यात तापमान ७० वर आलं. मे महिन्यापुरता हा सौदा वाईट नाही. गेम खेळणाऱ्यांनी फ्रेमची मर्यादा ६० वर ठेवली, तर कार्डही शांत राहतं.

एवढं करूनही ९० च्या वर जात असेल, तर मोठा, उभ्या पाइपांचा हीटसिंक घ्यायची वेळ झाली. घेताना तो आपल्या सॉकेटला बसतो का आणि कॅबिनेटचं पॅनल बंद होईल का, हे आधी मोजा.

कुठे थांबायचं

पेस्ट, पंखा आणि अल्कोहोल मिळून आत्याचा खर्च हजाराच्या आत राहिला. रेंडर रविवारी रात्री लावला, पहाटे पूर्ण झालेला होता. सोमवारी चित्र ग्राहकाकडे गेलं. एफडी बँकेतच आहे.

तरीही जुनं मशीन अमर नसतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे असं मशीन पुढे वापरायचं तर लिनक्सचा विचार करा. ब्लेंडर तिथेही चालतं. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, किंवा एकामागून एक भाग बदलावा लागायला लागला, तर मात्र नवीन घ्या, बिनधास्त घ्या. फक्त ते आपल्या सोयीने आणि साठवलेल्या पैशांतून घ्या. काळ्या स्क्रीनच्या भीतीने नको.

आणि एक सवय लावून घ्या. खंडेनवमीला आपण कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहतो, फूल ठेवतो. या वर्षी पूजेआधी कॅबिनेट उघडून आतली धूळ काढा. दुसरी सफाई गुढीपाडव्याला, उन्हाळा चढायच्या आधी. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि दर वेळी तारीख, खोलीचं तापमान आणि जड कामातलं तापमान लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की मशीनचा ताप वाढतोय की उतरतोय, हे तुम्हालाच कळेल आणि दुकानात गेलात तरी आकडे हातात असतील.

पुढच्या महिन्यात भेटूच. तोपर्यंत तुमच्या मशीनचे तीन आकडे मोजून ठेवा.